पायरीवर कोण होतं? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

गेल्या महिन्यात याच पानावर मी एवढंच विचारलं होतं, की खूप भीती वाटली, हातात काहीच उरलं नाही, अशा वेळी देव जवळ आल्यासारखं कुणाला वाटलंय का, वाटलं असेल तर कळवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातले निम्मे तर व्हॉट्सअपवर फिरणारे चमत्कारच आहेत, तेच हेलिकॉप्टर, तेच म्हातारे बाबा आणि शेवटी 'अकरा जणांना पाठवा', ते बाजूला ठेवले. तीन पत्रं घेतेय. पहिलं लांब आहे आणि उत्तर पण लांब होणार, आधीच सांगते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी साक्री तालुक्यातली, माहेर अमळनेरचं. मागच्या पावसाळ्यात आमच्या यांची मोटरसायकल हायवेवर ट्रकला धडकली. धुळ्याला आणलं, डॉक्टर म्हणे आजची रात्र निघाली तर पाहू. दीर रक्तासाठी पळत होते, सासूबाई घरी पोरांजवळ, मी एकटी दवाखान्याच्या पायरीवर. रडू पण येईना, जीभ टाळूला चिकटलेली, हातपाय गार. आरती आठवेना, कोणत्या देवाचं नाव पण येईना तोंडात, नुसतं 'कोणीतरी या रे' एवढंच मनात चालू. मग कधीतरी मध्यरात्रीनंतर पाठीवर कोणी हात ठेवला असं झालं आणि आपल्या अहिराणीत ऐकू आलं, "घाबरू नको, मी शे ना." मागे पाहिलं तर कोणीच नाही, एक कुत्रं झोपलेलं. पण भीती जी गेली ती गेलीच. सकाळी ऑपरेशनच्या कागदावर सही केली तर हात थरथरला नाही, दिराला म्हटलं म्हैस विकून टाका, पैसे लागतील. हे वाचले, पायात रॉड आहे, काठी घेऊन चालतात. आता सासूबाई म्हणतात कानबाई, आपली खानदेशातली देवी, आली होती. आई म्हणते वाडीतला विठ्ठल. दीर म्हणतो वहिनी, दोन दिवस अन्न नाही झोप नाही, डोकं फिरलं होतं तुमचं. आणि गावात एक महाराज येतात, ते म्हणे तुमच्यावर देवाची नजर पडलीये, बैठक द्यावी लागेल, अकरा हजार खर्च, नाही दिली तर उलटेल. मी काय खरं समजू? आणि देव अहिराणी बोलतो का हो? हसू नका.

उत्तर : ताई, हसले नाही. थोडं हसले, पण ते महाराजांच्या आकड्याला, त्यांचा विषय शेवटी घेते.

आधी दिराचं. त्याला वेडा ठरवू नका, त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. झोप नाही, पोटात काही नाही, एकटेपण आणि मरणाची भीती, हे सगळं एकत्र आलं की माणसाला आपल्या बाजूला कोणीतरी आहे असं वाटतं, आणि हे जगभर झालेलं आहे. १९१५ साली शॅकलटन नावाचा ब्रिटिश दर्यावर्दी अंटार्क्टिकाकडच्या बर्फात जहाज गमावून बसला, पुढच्या वर्षी मागे बेटावर अडकलेल्या माणसांसाठी मदत आणायची म्हणून तो आणि दोन सोबती साऊथ जॉर्जिया बेटाचे बर्फाचे डोंगर न थांबता चालत पार करून गेले. त्यानं नंतर लिहून ठेवलं की सबंध वाटेत मला वाटत होतं आपण तीन नाही, चार जण आहोत. गंमत म्हणजे तो सोबत्यांजवळ काही बोलला नव्हता, आणि मागाहून सोबत्यांनी आपणहून तेच सांगितलं. आता तिथं ना कानबाई ना विठ्ठल, तरी चौथा होताच. आणि २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी फिट येणाऱ्या एका बाईच्या मेंदूची तपासणी करताना एका ठराविक जागी बारीक करंट दिला तर तिला मागे कोणीतरी सावलीसारखं उभं आहे असं वाटायला लागलं, करंट दिला की माणूस हजर, बंद केला की गायब. म्हणजे मेंदूत अशी सोय आहे, हे नाकारून चालणार नाही.

पण दीर इथं थांबतो आणि म्हणतो 'म्हणून तिथं काही नव्हतं', ते मला पटत नाही. भरीत खाताना त्याची चव पण मेंदूतच कुठंतरी कळते ना, म्हणून काय वांगं खोटं होतं? अर्थात वांगं होतंच हे पण त्यावरून सिद्ध होत नाही, हे दिराच्या बाजूनं मीच सांगून टाकते. मेंदूत काय झालं ते मशीन सांगेल, ते कुणी केलं हे मशीनला विचारण्यात अर्थ नाही. हा वाद तुमच्या स्वयंपाकघरात मिटणार नाही, मोठमोठ्यांचा मिटला नाही. अमळनेरलाच १९१६ पासून तत्त्वज्ञानाची संस्था आहे, तिथं भलेभले विद्वान येऊन बसायचे, त्यांचा पण नाही मिटला.

मी दुसरीकडून बघते. अमेरिकेत विल्यम जेम्स म्हणून मानसशास्त्राचा फार मोठा माणूस होऊन गेला, त्यानं १९०२ साली अशा कितीतरी लोकांच्या हकिकती गोळा करून मांडल्या आणि त्यात एक सारखेपणा दाखवला, की अनुभव थोडाच वेळ टिकतो, शब्दात नीट सांगता येत नाही, आपण आणायचा म्हणून येत नाही तो स्वतः येतो, आणि जाताना काहीतरी कळल्यासारखं ठेवून जातो. तुमचं पत्र तिथं ठेवून बघा. आणि त्याचा पुढचा मुद्दा मला जास्त कामाचा वाटतो, की उगम कुठला ते सोडा, त्यातून माणसाचं पुढं काय झालं ते बघा. तुमचं काय झालं? हात थरथरला नाही आणि म्हैस विकायची ठरली. ताई, मला तुमच्या पूर्ण पत्रातलं हेच वाक्य सगळ्यात आवडलं. पाठीवरच्या हातापेक्षा पण. घरातली दुभती म्हैस विकायचा निर्णय बाईमाणसानं दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून घ्यायचा आणि तो दिराला सांगायचा, ही काय सोपी गोष्ट आहे का आपल्याकडे. जनाबाईच्या गोष्टीत तरी देव येऊन काय करतो, जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो. प्रकाश पडला, फुलं पडली असलं काही नाही, काम उरकतो. तुमच्याकडे जे कोणी आलं ते पण कामाचंच होतं म्हणायचं.

कानबाई की विठ्ठल, हा सासू आणि आईचा वाद. यात मी पडणार नाही, मला दोन्हीकडे जेवायला जायचंय. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा सासूबाई नारळाला नथ घालून, डोळे काढून, रात्रभर जागून जे करत असतील त्याच्या मागे त्यांच्या घराच्या कितीतरी पिढ्या आहेत, त्यांना दुसरं कोण आठवणार? आणि अमळनेरच्या बाईला सखाराम महाराजांच्या वाडीतला विठ्ठलच आठवणार. पण एक सांगते. गजेंद्राची गोष्ट सगळ्यांना माहितीये, मगरीनं पाय धरलेला हत्ती. भागवतात आठव्या स्कंधात आहे ती. आधी तो स्वतःच्या ताकदीवर झटापट करतो, वर्षानुवर्षं, मग बाकीचे हत्ती ओढायला बघतात, ते पण थकतात, आणि सगळं संपल्यावर तो सोंड वर करून हाक मारतो. त्या हाकेत तो कुठल्याच देवाचं नाव घेत नाही. ज्याच्यापासून हे सगळं आलं तो जो कोणी असेल त्याला मी शरण आहे, असंच म्हणत राहतो. भागवतात पुढं स्पष्ट लिहिलंय की नाव घेतलं नाही म्हणून ब्रह्मदेव वगैरे मंडळी आली नाहीत, हरी आला. तुमचं 'कोणीतरी या रे' यापेक्षा वेगळं काय होतं? नाव न घेता मारलेली हाक चालते एवढं तर जुन्या ग्रंथातच आहे. तेव्हा कानबाईला रोट करा, विठ्ठलाला तुळस वाहा, दोघींचं मन राहील.

अहिराणीचं. देव तुमच्याशी काय पुस्तकी मराठीत बोलणार होता का, 'भिऊ नकोस, मी आहे'? तुम्हाला लहानपणी अंधाराची भीती वाटली तेव्हा आई ज्या बोलीत बोलली तीच बोली भीतीच्या खोलवर जाते, बाकीच्या वरवर राहतात. रावेरच्या बाईला लेवा बोलीत ऐकू आलं असतं, धडगावच्या बाईला पावरीत.

आता अकरा हजार. देऊ नका. जे फुकट आलं त्याचं बिल सहा महिन्यांनी तिसराच माणूस आणून देतो हे कुठल्या देवाच्या दरबारात बसतं? 'नाही दिलं तर उलटेल' हे वाक्य जिथं ऐकू आलं तिथून उठायचं. पायरीवरच्या आवाजानं तुमची भीती काढली, हे महाराज भीती परत घालतायत, दोघांचं काम बरोबर उलटं आहे, यावरूनच ओळखा. आणि आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, अशी भीती घालून लुबाडणाऱ्यांविरुद्ध पोलीस स्टेशनला तक्रार करता येते. तक्रार करा असं म्हणत नाही, गावात राहायचंय तुम्हाला, पण कायद्याचं नाव एकदा त्यांच्यासमोर सहज घेऊन बघा.

प्रश्न : तुमच्या प्रश्नाचा राग आला म्हणून लिहितोय. मी रावेर भागातला, केळीवाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये वडील कोरोनानं ॲडमिट. बेडसाठी फिरलो, ऑक्सिजनसाठी फिरलो. मिळाला एकदाचा. आत जाऊ देत नव्हते, मी बाहेर लिंबाखाली रात्रभर उभा, मारुती स्तोत्र म्हणत. आयुष्यात कधी एवढं मनापासून म्हटलं नव्हतं. पाठीवर हात नाही, आवाज नाही, काही नाही. पहाटे फोन आला, गेले. लोकांना देव भेटतो, मग आमच्याकडे यायला त्याला वेळ नव्हता का? आमची हाक कमी पडली का? छापायचं तर छापा.

उत्तर : भाऊ, छापलं. एक शब्द कापला नाही.

हाक कमी पडली नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. हाकेचं वजन करून देव माणसं वाचवतो असं असतं तर ज्याच्या हाकेवर महाराष्ट्र चारशे वर्षं जगतोय त्या तुकोबांच्या घरात १६३० च्या दुष्काळात बायको अन्नावाचून मेली नसती, मुलगा गेला नसता. ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात तर क्रुसावर खुद्द येशूच ओरडतो की माझ्या देवा, तू मला का सोडलंस, आणि ते शब्द पण त्याच्या आधीच्या जुन्या स्तोत्रातले, बाविसाव्या. म्हणजे देव आला नाही ही तक्रार धर्मग्रंथाच्या बाहेरची नाहीच, ती आत मधोमध बसलेली आहे. उलट जनाबाईनं विठ्ठलाला 'विठ्या' म्हणून अशा शिव्या घातल्यात की आज कोणी फेसबुकवर लिहिल्या तर केस होईल. तुमचं पत्र त्या मानानं सौम्य आहे.

मला जास्त राग कशाचा येतो सांगू का, 'आम्ही मनापासून प्रार्थना केली म्हणून आमचे वाचले' हे जे लोक सहज बोलून जातात त्याचा. बोलणाऱ्याचं काही वाईट मनात नसतं, पण ऐकणाऱ्यात एखादा तुमच्यासारखा असतो आणि त्याच्या छातीत सुरी जाते. अमेरिकेत २००६ साली एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, हार्टच्या बायपास ऑपरेशनचे १८०२ पेशंट, काहींसाठी अनोळखी लोकांकडून रोज प्रार्थना करवली, काहींसाठी नाही. फरक शून्य. उलट ज्यांना 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' असं सांगून ठेवलं होतं त्यांना ऑपरेशननंतरचे त्रास थोडे जास्तच झाले. यावरून देव नाही असं मी म्हणत नाही, एवढंच म्हणते की प्रार्थना आणि ऑक्सिजन ही दोन वेगळी खाती आहेत. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन कमी पडला, बेड कमी पडले, ती माणसांची आणि सरकारांची गोष्ट होती, त्याचा हिशोब देवाकडे मागून आपण ज्यांनी द्यायचा त्यांना सोडून देतो.

पण तुमचा प्रश्न तो नव्हता हे मला कळतंय. वाचवायला नाही आला ते ठीक, पण निदान पाठीवर हात ठेवायला का नाही आला, साक्रीच्या बाईला मिळालं ते तुम्हाला का नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कोणाकडे आहे असं कोणी म्हणालं तर त्याच्यापासून जपून राहा. काही जण तुम्हाला सांगतील की आतली नर्स म्हणजेच देव होती, पीपीई किट घालून उभी होती. मी तसं सांगणार नाही. ती नर्स होती, तिची ड्युटी चालू होती, ती पण घाबरलेली असेल, तिचं श्रेय तिलाच द्या. आणि तुम्ही लिंबाखाली रात्रभर उभे होतात तर तुमचं श्रेय तुम्ही घ्या, वडिलांना आतमध्ये माहिती होतं की पोरगा बाहेर उभा आहे. मारुती स्तोत्र परत म्हणावं वाटलं तर म्हणा, नाही वाटलं तर नका म्हणू. घरात कोणी जबरदस्ती करत असेल तर हे पान त्यांच्यापुढे ठेवा.

राग मात्र कमी नाही झाला, झोप लागत नाही, बागेत जावंसं वाटत नाही असं अजून असेल, तर ते दुःख आतल्या आत मुरलेलं असतं आणि त्यावर डॉक्टर असतात, त्याची लाज नको.

प्रश्न : मी शहाद्याची, वय २१, एमपीएससी करते, पुण्याला रूमवर राहते. रात्री अचानक छाती धडधडते, श्वास पुरत नाही, वाटतं आता मरणार. ईसीजी काढला, नॉर्मल आला. तेव्हापासून रोज रात्र झाली की भीती. मला पण एकदा देव जाणवला तर ही भीती जाईल असं वाटतं, त्यासाठी काय करू? हरिपाठ चालू केलाय पण घाईघाईत होतो. आई म्हणते बाहेरचं आहे, घरी आली की भगताकडे नेते.

उत्तर : बेटा, तू जे लिहिलंयस ते वाचून मला पॅनिक अटॅक वाटतो. मी डॉक्टर नाही, पण ईसीजी नॉर्मल, अचानक धडधड, मरणार असं वाटणं, आणि मग तो परत येईल याचीच भीती, हे त्याचं अगदी ठरलेलं रूप आहे. त्यात माणूस मरत नाही. साधारण दहा मिनिटांत तो टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो, आपण काही केलं नाही तरी उतरतो. यावर चांगले उपचार आहेत, समुपदेशन आहे, गरज पडली तर गोळ्या आहेत. मानसोपचार डॉक्टरकडे जा. लगेच जायला जमत नसेल तर १४४१६ वर फोन कर, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलतात.

देव जाणवायला काय करू, याला मी रेसिपी देणार नाही. वरच्या दोन पत्रात बघ, एकीनं काहीच म्हटलं नव्हतं तिला जाणवलं, एकानं मनापासून म्हटलं त्याला नाही. परीक्षेसारखं त्याचं सिलॅबस नसतं. आणि भीती घालवायचं औषध म्हणून देवाकडे बघितलंस आणि एखाद्या रात्री तो जाणवला नाही तर भीती दुप्पट होईल, वर 'मी पापी आहे का' हे नवीन सुरू होईल.

हरिपाठ मात्र सोडू नको. घाई सोड. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी एक छान गोष्ट मोजली, ख्रिस्ती लोकांची जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हूम' हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो आणि भीतीत तर त्याहून जास्त. म्हणजे आपल्या आज्या देवळात टाळावर संथ म्हणायच्या त्यात शरीराचं पण काम होत होतं. तू एक ओवी एका पूर्ण सोडलेल्या श्वासावर म्हण, सगळे अभंग नाही झाले तरी चालेल, दोन झाले बास. आलाच अटॅक तर पाय जमिनीवर टेकव, श्वास हळू सोड, घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेव.

आईशी भांडू नको. तिच्या आईनं तिला तेच केलं असणार, आणि आपल्या सातपुड्याकडे भगत हा पहिला डॉक्टर होता, दवाखाना शंभर किलोमीटरवर असायचा तेव्हा लोक आणखी कुठं जाणार होते. अंगारा लावला, नारळ उतरवला, तेवढ्यानं तिला बरं वाटत असेल तर लावू दे. पण मारणं, डाग देणं, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं यातलं काही निघालं तर सरळ उठून यायचं, तो वर म्हटलेला कायदा तिथं पण लागतो. आणि तिला सांग, भगताकडे यायला मी तयार आहे, पण आधी तू माझ्यासोबत डॉक्टरकडे ये, नंबर मी लावून ठेवलाय. अपॉइंटमेंट खरंच घेऊन ठेव, नुसतं सांगून आया येत नसतात.